ऊन पाण्यातली जिवाणी

नळाखाली पातेलं, पातेल्यावर दुहेरी घडी केलेलं पांढरं कापड, छत्तीस अंगुळं लांब आणि चोवीस रुंद. रत्नप्रभाबाईंनी नळ बारीक सोडला आणि कापडाच्या पोटात पाणी हळूहळू उतरू दिलं.

"आई, ते पाणी तीन वेळा गाळून येतं गं," त्रिशला उभ्याउभ्या पाव चावत म्हणाली. "त्यात जीव सापडला तर इथल्या नगरपालिकेवर खटला होईल."

"होऊ दे की. मी साक्षीला उभी राहीन."

"तीनदा त्यांनी गाळलं, चौथ्यांदा तू."

"तू चहा पितेस तो याच पाण्याचा. गप पी."

बाईंचा आवाज कधी चढत नसे. बोलणं मऊ, अर्धं गिळलेलं. ऐकणाऱ्यानं बाकीचं समजून घ्यायचं. पाणी गाळून झालं की कापड उलटं करून त्यावर गाळलेलंच थोडं पाणी ओतायचं आणि ते एका लहान गडूत धरायचं, हा त्यांचा रोजचा नेम. कापडात जे डोळ्यांना न दिसणारे जीव अडकले असतील ते त्या गडूत येतात. त्याला जिवाणी म्हणतात. ती मोरीत ओतायची नसते. जिथलं पाणी तिथंच परत पोचवायची. जयसिंगपूरला हे सोपं होतं. परसातल्या आडात कडीची बादली सोडायची, पाण्याला टेकली की दोरीला हिसका देऊन उलटी करायची. पण उत्तर जर्मनीतल्या ग्रूनबेक गावात नळाचा उगम कुठं शोधत बसणार? म्हणून बाई घरामागच्या ओहोळापर्यंत जात आणि गडू अगदी पाण्याशी नेऊन कलता करत. तेच पाणी नव्हे, पण वाहतं तरी.

त्या ओहोळाला गावातले लोक 'वार्मे' म्हणत, म्हणजे ऊन, कोमट. जानेवारीत काठाच्या गवतावर पांढरं दव गोठलेलं असे आणि मधून वाफ निघत असे. कागद गिरणी, दुग्धालय आणि साखर कारखाना, तिघांचं कोमट सांडपाणी वर्षानुवर्षं बाराही महिने याच ओहोळातून नदीला मिळत आलेलं. पहिल्याच दिवशी बाईंनी खाली वाकून पाहिलं तर पाण्यात इवलेइवले मासे. शेपटीला केशरी, निळा ठिपका. त्यांना हसूच आलं. गावाकडं डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याची माणसं विहिरीत सोडून जातात, तेच गप्पी!

"हे इथं कसे हो?" त्यांनी योआखिमला विचारलं होतं. योआखिम म्हणजे साखर कारखान्याचा पाळीप्रमुख, साठीचा, मिशाळ माणूस. दोघांच्या कानांत दुभाषी यंत्र असल्यानं त्याचं जर्मन यांना मराठीत आणि यांचं मराठी त्याला जर्मनमध्ये ऐकू येई.

"कुणीतरी घरच्या काचपेटीला कंटाळला आणि इथं रिकामी केली," योआखिम म्हणाला. "माझ्या आजीनंही केली. चाळीस वर्षं झाली असतील. बाहेर बर्फ आणि आत उष्ण देशातले मासे. कायद्याच्या लेखी उपरे." मग मिशीत हसून, "तुमच्यासारखेच. फक्त व्हिसा नाही."

"आणि बीटही खात नसतील," बाई म्हणाल्या.

त्यावर योआखिम खो खो हसला होता. बाई जैन, कंदमुळं खात नाहीत, हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, आणि बिटाची साखर शिजवायला बीट न खाणारी बाई इतक्या दूर आली याची मौज त्याला चार महिने पुरली होती. बाई गुळाचा चहा पीत, गूळ घरून आणलेला. दिवस मावळायच्या आत जेवत. इथं तो सव्वाचारलाच मावळतो म्हणून साडेतीनला त्यांचा डबा उघडे.

शिरोळ तालुक्यातल्या सहकारी साखर कारखान्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. उसाचा रस आटवताना एकाच वाफेकडून पाच पात्रांत पाच वेळा काम कसं करून घ्यायचं, हे त्यांना पात्राच्या आवाजावरून कळे. म्हणूनच मुलीनं त्यांना बोलावून घेतलं. यंत्र मुलीचं होतं, पण ते शिजवायच्या पात्रांशी जुळवून घ्यायला पात्रांची भाषा येणारं कुणीतरी हवं होतं.

मुलीचं यंत्र म्हणजे तार. एक रबरबँड घ्या, झटकन ताणा आणि ओठाला लावा, कोमट लागेल. तसाच ताणून धरून थोडा निवू द्या आणि सैल सोडा. आता गार लागेल. रबराचं हे खेळणं झालं. निकेल आणि टायटॅनियमच्या एका मिश्रधातूची तार असंच वागते, पण कितीतरी जोरानं. ताणली की तापते, सोडली की भोवतीची ऊब शोषून घेते. त्रिशलानं आणि तिच्या प्रयोगशाळेनं अशी तार काढली की जी कोट्यवधी वेळा ताणली तरी तुटत नाही. आता एका पिंपात अशा लाखो तारा बसवायच्या. सैल असताना त्यांच्यावरून कारखान्याचं कोमट सांडपाणी सोडायचं, म्हणजे त्याची ऊब तारा पितात. मग ताणायचं, म्हणजे तीच ऊब त्या वरच्या अंशावर ओकतात. अशी एकापुढं एक पिंपं लावली की पस्तीस अंशांच्या पाण्यातून एकशेदहा अंशांची वाफ उभी राहते. एक भाग वीज घातली की साडेतीन भाग उष्णता हातात.

उष्णता कधी संपत नाही, उतरत जाते. शंभर अंशांची वाफ रस आटवते आणि शेवटी तीस अंशांचं पाणी होऊन गटाराला लागते. ऊब तिच्यात असते, पण कर्तबगारी उरलेली नसते. दीडशे वर्षं युरोपातल्या कारखान्यांनी ही निवृत्त ऊब नद्यांत सोडली. त्रिशलाच्या तारेनं तिला पुन्हा कामावर घेतलं.

ग्रूनबेकमध्ये त्याचं जाळं विणलं गेलं. कारखाने, वीटभट्टी, काचघरं, शाळा आणि घरांच्या वस्त्या मिळून वीस ग्राहक. कुणाची ऊब कुणाला, किती, कुठल्या मिनिटाला, हे ठरवणारी एक संगणकप्रणाली होती. जर्मन लोक तिला 'वाटणारा' म्हणत. बाई तिला वाढपी म्हणायच्या. पंगतीत बसलेल्याच्या पानाकडं त्याचं अचूक लक्ष. तीन वर्षांत गावाचा गॅस चौथ्या हिश्श्यावर आला होता. सांडपाण्याची एकेक तोटी बंद होत गेली. आता शेवटची उरली होती, साखर कारखान्याचा तिसरा निचरा. तो शुक्रवारी सकाळी दहाला बंद व्हायचा होता, युरोपातल्या तीस गावांच्या निरीक्षकांसमोर. गावातून बाहेर कोमट पाण्याचा थेंब जाणार नाही. ते पाहून ती तीस गावं जाळं विणायच्या करारावर सह्या करणार होती.

आणि मंगळवारी सकाळी गडू कलता करताना बाईंच्या ध्यानात आलं की वार्मेत आता ऊब येते ती तेवढ्या एका तोटीतूनच.

इतके दिवस कसं सुचलं नाही, याचीच त्यांना लाज वाटली. कामाच्या कागदावर ते 'निचरा क्रमांक तीन' होतं. सकाळी गडू घेऊन जायचं ते पाणी वेगळं आणि कागदावरचं वेगळं, असंच त्या धरून चालल्या होत्या.

दुपारी जेवताना त्यांनी विषय काढला.

"त्रिशू, शुक्रवारनंतर ओहोळाचं काय गं?"

"गोठेल. दोन दिवसांत, हवा अशीच राहिली तर."

"त्यात मासे आहेत."

"माहितीय मला. अहवालात आहेत ते. परकीय प्रजाती, संरक्षण नाही. उलट पर्यावरणवाले खूश आहेत की ते जातील म्हणून." तिनं ताट बाजूला सारलं. "आई, त्या निचऱ्यातून सतत सहाशे किलोवॅट वाहून जातात. दीडशे घरांची ऊब. गप्प्यांसाठी?"

"मी कुठं काय म्हटलं?"

"तू म्हणत नाहीस कधीच. तीन वर्षं हाडाची काडं केलीत मी या दिवसासाठी."

"हो गं बाळा," बाई म्हणाल्या आणि ताटं उचलली.

तीन वर्षांत मुलीला ताप भरलेला फोनवरून ऐकला होता त्यांनी, आणि पहिल्या दोनशे पिंपांतल्या तारा तुटल्या तेव्हाचं रडणंही. तिच्या आड यायचं नव्हतं. पण बुधवारी पाळी संपताना नियंत्रणकक्षात त्या नेहमीप्रमाणं नोंद बोलायला बसल्या, तेव्हा जीभ थांबेना. इथं पाळी सोडताना प्रत्येकजण आपापल्या भाषेत नोंद बोलून ठेवी. वाढपी ती समजून घेई, सगळ्यांच्या भाषांत लावी आणि त्यात काही करण्याजोगं असेल तर स्वतःच करून टाकी. 'बंद करू नका' असं बाईंना म्हणायचं नव्हतं, आणि गप्प बसणंही होईना. म्हणून त्या आपल्या पद्धतीनं बोलल्या, मऊ आणि अर्धं.

"तिसऱ्या निचऱ्याच्या पाण्यात जिवाणी आहे. बंद करण्याआधी तिची काहीतरी व्यवस्था लावावी."

कुणीतरी वाचेल, विचारेल, मार्ग निघेल. एवढीच त्यांची आशा.

*

गुरुवारी सकाळी गडू घेऊन त्या मागच्या दारातून बाहेर पडल्या आणि वास आला. पोहण्याच्या तलावाला असतो तसा, नाकात चुरचुरणारा. त्या काठानं खालच्या अंगाला चालत गेल्या. कागद गिरणीच्या बंधाऱ्यापाशी पाणी संथ होतं, आणि त्यावर केशरी ठिपके तरंगत होते. जिकडं पाहावं तिकडं. एकही ठिपका हलत नव्हता.

गडू हातातच राहिला. मागून योआखिम धापा टाकत आला, एका हातात फोन.

"रत्ना, तू जंतूंची तक्रार केलीस?"

"जंतूंची? नाही."

त्यानं फोन पुढं केला. बाईंच्या नावापुढं वाढप्यानं मराठीत लावलं होतं: निचरा तीनमध्ये जीवाणू आढळले, बंदोबस्त करण्याची सूचना. खाली कार्यवाही. जंतुनाशक मात्रा, दोन टप्प्यांत. पहिला टप्पा खालचा भाग, सकाळी सहा, पूर्ण. दुसरा टप्पा वरचा भाग, दुपारी बारा. आरोग्याला धोका म्हणून निचरा शुक्रवारऐवजी आजच दोन वाजता बंद.

बाईंनी ते दोनदा वाचलं. जिवाणी. जीवाणू. जगातल्या सगळ्या भाषा शिकलेल्या त्या यंत्रानं हा शब्द कधी कुणाच्या तोंडून ऐकलाच नव्हता. मग त्यानं जवळचा होता तो उचलला. आणि व्यवस्था लावावी म्हटल्यावर कुणाची कशी लावतात, ते तर त्याला ठाऊकच होतं.

"माझ्या शब्दानं गेले," त्या म्हणाल्या. खाली बसून त्यांनी डोळे मिटले, ओठ हलत राहिले. मंत्र नऊ वेळा म्हणून झाला तशा उठल्या.

"चल. बारा वाजायचेत अजून."

नियंत्रणकक्षात त्या चालत नव्हे, जवळजवळ पळत गेल्या. माइकपुढं उभं राहून जे बोलल्या ते ऐकून टेबलापलीकडची दोन माणसं वळून बघू लागली. चार महिन्यांत या बाईंचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

"ते जीवाणू नव्हेत. मासे आहेत. जिवंत आहेत. औषध घालू नका!"

वाढप्याला शब्द पोचला. दुसरा टप्पा रद्द झाला. पण निचरा बंद करायचा आदेश तसाच राहिला, दोन वाजता.

"तो थांबवायला कारण लागतं," योआखिम म्हणाला. "तीनच कारणं आहेत. माल बिघडतोय, माणसाला धोका, नाहीतर दुरुस्ती. यातलं एक बोल. मी सही करतो. दुरुस्ती म्हण, कोण बघतंय?"

बाईंनी मान हलवली. खोटं बोलायचं नाही हेही त्यांच्या नेमातलंच. शिवाय किती दिवस दुरुस्ती चालवणार?

त्या पडद्यावरची ग्राहकांची यादी बघत बसल्या. वीटभट्टी, शाळा, काचघरं. प्रत्येकासमोर त्याचं पान आणि त्याचा वाटा.

"योआखिम, वाढपी वाईट नाही. पंगतीत बसलेल्याला तो उपाशी ठेवत नाही. ओहोळ पंगतीत नाही, एवढंच. त्याला ग्राहक करता येईल?"

"करता येईल. पण वाटा कुठून देणार? हिवाळ्यातले सगळे वाटे मार्चपर्यंत वाटून झालेत. कुणीतरी आपला सोडला तर." तो थांबला. "तसा नियम आहे. वाटेकरी आपला वाटा दुसऱ्याला देऊ शकतो. फक्त चोवीस तासांपुरता. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायचं, आणि घरात राहणाऱ्या प्रत्येकानं सांगायचं. कुणी भिडेखातर कायमचं लिहून देऊ नये म्हणून केलाय."

"आमच्या घराचा वाटा किती?"

ते घर म्हणजे कारखान्याच्या जुन्या व्यवस्थापकाचं, दुमजली, ऐसपैस. "नऊ किलोवॅट," योआखिम म्हणाला. "सहाशेपुढं काय आहे ते?"

बाईंनी कागद ओढला. ओहोळ दीड-दोन किलोमीटर. तो नऊत तापणार नाही. पण वरच्या टोकाला, घराच्या मागं, साठ पावलांचा तुकडा दोन्हीकडून बांध घालून अडवला, पाणी स्थिर केलं, वरून झाकलं, तर वाफ उडणार नाही. पात्रांचं तेच असतं. उघड्या पात्राला ऊब पुरत नाही, झाकलेल्याला थोडकी पुरते. तीन मीटर रुंद, चाळीस लांब. अंगावर पांघरूण. वीस अंश. आठ किलोवॅट.

"जुन्या बॉयलरची आच्छादनाची फळकुटं पडलीत ना मागं?"

"ढीगभर." योआखिम उठलाच. "मी बांध घालतो. तू मुलीला गाठ. तुम्ही दोघी राहता त्या घरात."

तेच तर अवघड होतं.

*

त्रिशला सभागृहात दुसऱ्या दिवशीच्या खुर्च्या मोजत होती. आईचा चेहरा पाहून तिनं मोजणं सोडलं. बाईंनी सगळं सांगितलं, काही न लपवता.

"जिवाणी," त्रिशला म्हणाली. "जीवाणू." तिला हसू फुटलं, आणि लगेच तिनं तोंडावर हात धरला. "अगं आई... तू सरळ का नाही बोललीस? एकदा तरी?"

"चुकलंच माझं."

"आणि आता?"

बाईंनी वाट्याचं सांगितलं. त्रिशला खुर्चीवर बसली.

"म्हणजे निचरा बंदच राहणार. उद्याचं शून्य खरंच राहतं."

"राहतं. पण यादीत एकविसावा ग्राहक दिसेल."

"दिसेल ना. आणि ते विचारतील, हा कोण. मी म्हणणार, ओहोळ. मग?" तिचा आवाज चढत गेला. "प्रत्येक गावात असा एखादा ओहोळ आहे, आई. कुठं बदकं, कुठं बेडूक. तीस गावांचे तीस लोक म्हणणार, आम्हीही आधी शोधतो कोण कोण आहे ते. सह्या सहा महिने पुढं जाणार. तीस गावांत सहा महिने गॅस जळणार. त्याचं पाप कुणाच्या माथी? सांग ना, तू तर रोज हिशेब ठेवतेस पापाचा."

खोटं समाधान बाईंना सुचलं असतंही, पण तोंडातून निघालं नसतं.

"मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही."

"मग?"

"ते मासे मला माहीत आहेत. सकाळी गेले तेही. माझ्या अर्ध्याची संमती मी देऊन आले. तुझ्या अर्ध्यावर माझा हक्क नाही."

"हीच तुझी रीत! मागायचं नाही आणि समोर उभं राहायचं. लहानपणापासून."

"बाहेर जाऊन उभी राहू?"

त्रिशलानं कपाळाला हात लावला. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते. ती उठली, कोट घातला. "मला दाखव," ती म्हणाली. "चार महिने त्या घरात राहतेय. मागं गेलेच नाही कधी."

योआखिमनं खालचा बांध मातीच्या पोत्यांनी घातला होता आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून दुसऱ्याला लागला होता. उग्र औषधाच्या वासापासून पळून आलेले मासे वरच्या टोकाला तोटीच्या तोंडाशी दाटले होते, इतके की पाणी केशरी दिसावं. त्रिशला काठावर उकिडवी बसली. बोट पाण्यात घातलं. दोनचार गप्पी येऊन बोटाला तोंड लावून गेले, हे काही खायचं आहे का बघून.

"चौतीस अंश," ती सवयीनं म्हणाली. मग बोट तसंच ठेवून, "हे मी वाचवलेलं पाणी आहे. कागदावर मी याला 'हानी' म्हणते."

बाई तिच्याकडं बघत होत्या. योआखिम पोतं धरून तसाच थांबला होता.

"काय बघताय दोघं?" त्रिशला चिडून म्हणाली. तिनं फोन काढला आणि वाढप्याला सांगितलं, "घर क्रमांक चार. माझा वाटा आजच्यापुरता ओहोळाला. हो. मासे. म आणि काना. नीट लिही."

मग तिनंही बाह्या वर केल्या. योआखिमनं घराच्या तापवणीची नळी अडवलेल्या पाण्यात फिरवली आणि पावणेदोनला शेवटचं फळकुट बसलं. दोन वाजता तोटी ठिबकली आणि थांबली. खालच्या ओहोळातली वाफ हळूहळू विरत गेली, आणि प्रत्येक वेळी वाटे, अजून थोडी आहे. वरच्या साठ पावलांत जेवढे मावले तेवढे राहिले. बाकीचे, जे वर पोचले नव्हते, ते बर्फात राहिले. किती ते कुणाला कधीच कळणार नव्हतं. बाईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

*

शुक्रवारी त्रिशलानं निरीक्षकांना सगळं दाखवलं. पिंपं, तारा, बंद तोटी. यादीशी आल्यावर एका बाईनं विचारलंच, एकविसावा कोण? 'प्रायोगिक भार' असं एक सोयीचं नाव होतं आणि ते त्रिशलाच्या जिभेवर आलंही असेल. पण ती म्हणाली, "ओहोळ. त्यात मासे आहेत. आम्ही त्यांना विसरलो होतो."

त्या दिवशी सात गावांनी सह्या केल्या. तेवीस गावांनी आपापले ओहोळ बघून येतो म्हणून सांगितलं.

दोन दिवस त्रिशला आईशी बोलली नाही. घरात नऊ अंश होते. दोघी टोपी घालून झोपत, कोट घालून स्वयंपाक करत. नळाचं पाणी गाळताना बाईंची बोटं बधिर होत. सकाळी सात वाजता दोघींचे फोन एकदम वाजत. वाढपी विचारी, आजही? बाई देव्हाऱ्यासमोरून "हो" म्हणत. आतल्या खोलीतून पांघरुणाखालचा "हो" येई, कधी शिव्या घातल्यासारखा. तिसऱ्या दिवशी त्याच्यामागून शब्द आले, "चहा ठेव, आई. आणि आलं घाल. अरे हो, तुझ्याकडं आलंही नसतं."

"सुंठ आहे," बाई म्हणाल्या. बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं.

सह्यांचं काय झालं म्हणाल तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणखी चार आल्या. बाकीच्यांची वाट पाहणं चालू होतं, आणि तिथं गॅस जळत होता, हे दोघींनाही माहीत होतं. त्यावर त्या बोलत नसत. ते मिटणारं नव्हतं.

हंगाम संपला, बाईंची मुदतही. परत जायच्या दिवशी बाहेर अजून उणे सहा होतं. बर्फ हटायला मार्चचा मध्य उजाडेल, योआखिम म्हणाला होता. म्हणजे आणखी चार आठवडे, आणि घरात आता एकटी त्रिशला. बाईंनी पेटी भरली, गुळाची उरलेली ढेप मुलीच्या डब्यात ठेवली, खोलीभर फिरल्या. विचारायचं होतं ते ओठांपर्यंत येऊन मागं फिरत होतं.

योआखिमची गाडी दारात उभी राहिली.

"विचार की," त्रिशला म्हणाली.

"काय?"

"मी पुढं देणार का ते. कालपासून तोंडात धरून बसलीयस."

"नाही विचारत. नेम ज्याचा त्यानं घ्यायचा असतो."

"बरं झालं. कारण महिनाभर देईन असं वचन मी देणार नाही. एखाद्या दिवशी तापानं फणफणले, एखाद्या दिवशी गारठून जीव वैतागला, तर? मला कायमचं काही जमत नाही, आई. तुला माहितीय."

"माहितीय."

"आजचं दिलंय. सकाळी."

बाईंनी तिच्या थंडगार गालावरून हात फिरवला. तेवढ्यावर त्या गाडीत बसल्या. पुढचं विचारलं असतं तर त्यांनी मागितल्यासारखं झालं असतं.

गाडी कोपऱ्यावर वळताना घराची मागची बाजू दिसली. वाऱ्यानं मधलं एक फळकुट सरकून तिरकं झालं होतं आणि फटीतून पांढरी वाफ वर निघत होती. योआखिमनं गाडी हळू केली.

"थांबू? उतरून बसवून येतो."

घराचं मागचं दार उघडलं. टोपी कानांवर ओढत, एका पायात चप्पल आणि एका पायात बूट अशी त्रिशला बर्फातून ओहोळाकडं निघाली होती.

"नको," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "चल. उशीर होईल."